पाळण्याची दोरी



आपल्या गावाविषयी एक जुनी म्हण आहे : ‘जालना, सोन्याचा पालना’. येथल्या पेठेची भरभराट सांगण्यासाठी ती म्हणतात. आम्ही जुन्या जालन्यात राहतो. गांधी चमनापासून कुंडलिकेच्या पुलाकडे पायी जाताना ही म्हण आम्हांला पुष्कळ वेळा आठवते. कारण वाटेत पाठीवर पोते घेऊन भंगार वेचणारी पोरे भेटतात, आणि या पोरांसाठी गावात पाळणा आहे की नाही, असा प्रश्न मनात येतो. म्हणीतल्या सोन्याविषयी बोलण्यास पेठेतील मंडळी समर्थ आहेत. आम्ही बोलणार आहोत ते पाळण्याच्या दोरीविषयी. ज्या मुलाच्या पाळण्याची दोरी आईबापांच्या हातून सुटते, ती कायद्याने कोणाच्या हाती जाते, आणि ती कशी धरावी हे त्या हातांना कोण शिकविते, एवढाच आजचा विषय आहे.

हा विषय विद्वानांचा आहे आणि आम्ही विद्वान नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत झाले. कायद्याचे पुस्तक पुढ्यात घ्यावे आणि अडेल तेथे वकिलाला विचारावे, अशी आमची पाठशाळा. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला, कारण त्यात आमच्या हातून एक चूक झालेली आहे. ती आधी सांगतो.

२०१९ च्या पावसाळ्यातील गोष्ट. उसाचा हंगाम संपवून परतलेले एक तोडणी कामगाराचे कुटुंब आमच्या वस्तीत पत्र्याच्या खोलीत राहत होते. थोरला मुलगा उंचपुरा, अंगाने भरलेला. एका रात्री लोखंडी भंगाराचे पोते नेताना तो पकडला गेला. ठाणे कोणते, हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. बापाला वय विचारले. बाप म्हणाला, ‘असंल अठरा-एकोणीस.’ आम्ही शेजारीच उभे होतो. आम्ही मान हलविली.

का हलविली? मुकादमाच्या वहीत तो पोरगा ‘अर्धा कोयता, वय १९’ असा लिहिलेला होता. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा. त्याच वहीवरून आम्ही मजुरीच्या मागणीची यादी केली होती, आणि पोराला मोठ्या माणसाची मजुरी मिळावी म्हणून मुकादमाशी भांडलोही होतो. त्याला त्याचे वय विचारावे, हे आम्हांला कधी सुचले नाही. वहीतला आकडा इतक्या वेळा वाचला होता की तो खराच वाटू लागला होता.

पोरगा मोठ्यांच्या तुरुंगात गेला. बाराव्या दिवशी विधी सेवेतर्फे तुरुंगाला भेट देणाऱ्या एक तरुण वकीलबाई तेथे आल्या. त्यांनी त्याला वय विचारलेच नाही. ‘शाळेत कितवीपर्यंत होतास? गुरुजी कोण होते?’ असे विचारले. त्याने गाव सांगितले, गुरुजींचे नाव सांगितले. शाळेच्या नोंदवहीत जन्मतारीख निघाली. पकडला त्या रात्री त्याला सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते. कागद येऊन हुकूम होईपर्यंत आणखी आठवडा गेला. एकूण एकोणीस दिवस.

पुढे दुसरी एक गोष्ट कळली. दहा वर्षांचा असताना हाच पोरगा कारखान्याच्या तळावरून पळून एका रेल्वे स्टेशनवर सापडला होता. त्याला बालकल्याण समितीपुढे नेले होते, आणि त्याचे गाव, शाळा, वय सारे त्या वेळी लिहून घेतलेले होते. म्हणजे त्याचे वय सरकारदरबारी ठाऊक होते; एका कपाटातील कागदाची दुसऱ्या कपाटाला खबर नव्हती, इतकेच.

वकीलबाईंना आम्ही विचारले, ‘तुम्हांला हे सुचले कसे?’ त्या म्हणाल्या, ‘काका, सुचलं नाही, शिकवलं. चार दिवसांचं शिबिर होतं. तुरुंगात कोवळा चेहरा दिसला की आधी शाळा विचारायची.’

आमच्या मनात पोराविषयी वाईट नव्हते. बापाच्या नव्हते, आणि ठाण्यातील शिपायाच्याही असेल असे आम्हांला वाटत नाही. चांगले मन सर्वांजवळ होते. शिक्षण एकीजवळच होते, आणि पोराच्या कामी आले ते तेच.

दोन दारे

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. बाल न्याय अधिनियम २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे. अठरा वर्षे पुरी न झालेली प्रत्येक व्यक्ती त्याच्या दृष्टीने बालक होय. या बालकांसाठी कायद्याने दोन दारे केली आहेत. ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे, त्याला ‘विधिसंघर्षग्रस्त’ बालक म्हणतात. त्याचे दार म्हणजे बाल न्याय मंडळ. जे अनाथ आहे, हरवले आहे, भीक मागते आहे, कामाला जुंपले गेले आहे किंवा छळ सोसते आहे, ते ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले’ बालक. त्याचे दार म्हणजे बालकल्याण समिती. दोन्ही दारांशी मुलाला चोवीस तासांच्या आत नेले पाहिजे. आरोप असलेल्या मुलाला कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. ठेवावयाचेच तर निरीक्षणगृहात. लोक त्याला अजून रिमांड होमच म्हणतात.

मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, व त्या दोघांत एक तरी स्त्री असावी लागते. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, आणि महिन्यातून निदान वीस दिवस तिने बसावे असे कायदा सांगतो. यांच्या भोवती आणखी माणसे आहेत : प्रत्येक ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी, जिल्ह्यात उपअधीक्षकाच्या दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याच्या हाताखाली विशेष बाल पोलीस पथक, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, गृहांचे अधीक्षक, आणि मुलाच्या घरी जाऊन त्याची हकीकत पंधरा दिवसांत मंडळापुढे मांडणारा परिविक्षा अधिकारी. पाळण्याची दोरी धरणारे हात ते हेच. या क्षेत्राचे पुढारी म्हणतो ते यांनाच. त्यांच्या एका सहीने मूल घरी जाते किंवा घरापासून दूर जाते.

पुष्कळांना वाटते की या कामाला माया पुरे, शिक्षण कशाला? आमच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई काढणाऱ्या भट्ट्या आहेत. नवा माणूस कितीही प्रामाणिक असो, पहिल्या दिवशी त्याला भट्टीच्या तोंडाशी उभे करीत नाहीत; कोणी केलेच तर आम्ही दारावर सभा घेतो. लोखंड वितळविण्याला जी शिस्त लागते ती मूल वाढविण्याला नको, असे म्हणणाऱ्याला काय म्हणावे? दुसरा आक्षेप असा की सदस्य पदवीधर असतातच. मंडळातील समाजकार्यकर्त्यास मुलांच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव असावा, किंवा तो मानसशास्त्रासारख्या विषयाचा पदवीधर आणि व्यावसायिक असावा, असा नियम आहे. समितीच्या सदस्यांसाठी २०२१ च्या दुरुस्तीने पदवीची अट अधिक कडक झाली. पदवीला आम्ही कमी लेखीत नाही. परंतु पदवी विषयाची असते, आणि तालीम कामाची असते.

ही तालीम आली कोठून

या कामाचा इतिहास लांबचा आहे. १८५० च्या कायद्याने गुन्हा केलेल्या मुलाला तुरुंगाऐवजी एखाद्या धंद्यात उमेदवार म्हणून बांधून देण्याची सोय झाली. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीने मुलांसाठी उद्योगशाळा निघाली. १८६३ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे जन्मलेल्या यशवंताला त्यांनी दत्तक घेतले. १९२४ चा मुंबई बालक कायदा झाला, आणि १९२७ मध्ये मुलांच्या गृहांची व्यवस्था पाहण्यासाठी चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. आपले जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. मुंबईचे कायदे कुंडलिकेपर्यंत पोहोचत नव्हते.

आम्हां कामगार चळवळीतील लोकांना या विषयाशी आमचे नाते पुष्कळदा विसरावयास होते. हिंदुस्थानातील पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. त्याने सात वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाचे काम नऊ तासांवर आणले. म्हणजे आमच्या कायद्याची पहिली ओळ मुलाच्या नावाने लिहिली गेली. १८९१ च्या कायद्याने ते वय नऊवर नेले. तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत गिरणी कामगारांची बाजू मांडीत होते.

याहून विलक्षण हकीकत अमेरिकेतील आहे. मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय जगात पहिल्यांदा १८९९ मध्ये शिकागो येथे बसले. तेथे हल हाऊस नावाच्या वस्तीकेंद्रात जेन अॅडम्स आणि त्यांच्या सहकारी राहून काम करीत. न्यायालयाच्या कायद्यात परिविक्षा अधिकारी नेमण्याची तरतूद होती, पण पगाराची नव्हती. तेव्हा शहरातील स्त्रियांनी पैसे जमविले आणि पहिली परिविक्षा अधिकारी नेमली ती अल्झिना स्टीव्हन्स. ही बाई कोण? तेराव्या वर्षी कापडगिरणीत तिच्या उजव्या हाताचे बोट तुटले होते. पुढे ती छापखान्यात लागली, तिने शिकागोत कामकरी स्त्रियांची युनियन बांधली, आणि कारखान्यांची सहायक निरीक्षक म्हणून ती मुलांना यंत्रांवरून बाजूला काढीत हिंडली. पोराच्या घरी जाऊन काय विचारावे हे तिला ठाऊक होते. कारण ती स्वतः ते पोर होती.

पण अल्झिनासारखी माणसे वाट पाहून मिळत नाहीत. ती घडवावी लागतात. शिकागो येथेच शिकलेले क्लिफर्ड मॅनशार्ट मुंबईस आले. नागपाड्याच्या गिरणी वस्तीत ते असेच एक वस्तीकेंद्र चालवीत. चांगल्या मनाचे कार्यकर्ते पुष्कळ, पण शिकलेले कोणी नाहीत, ही उणीव पाहून त्यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी सर दोराबजी टाटा यांच्या नावाची शाळा सुरू झाली. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. तिचे एक आवार आपल्या मराठवाड्यात तुळजापुरास आहे. संकटातील मुलांसाठी असलेला १०९८ हा दूरध्वनी क्रमांक १९९६ मध्ये याच संस्थेच्या एका प्रकल्पातून सुरू झाला. २०२३ पासून तो सरकारी यंत्रणा चालविते. पुण्यात १९६३ मध्ये कर्वे समाजसेवा संस्था निघाली. बालविकासाचे प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था १९६६ ची. २०२५ मध्ये तिला सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले गेले. ज्या बाईंनी पोरक्या मुलाला पदराखाली घेतले, त्यांचे नाव शिकविण्याच्या संस्थेला मिळाले, हे आम्हांला उचित वाटते.

कायद्याने शिक्षण सक्तीचे आहे

पुष्कळांना ठाऊक नसते की हे शिक्षण ऐच्छिक नाही. मंडळाच्या सर्व सदस्यांना, न्यायदंडाधिकाऱ्यांनासुद्धा, नेमणुकीपासून साठ दिवसांत प्रशिक्षण मिळेल याची काळजी राज्य सरकारने घ्यावी, असे कायद्यातच लिहिले आहे. समितीसाठी मुदत दोन महिन्यांची आहे. पोलीस पथकासाठीही खास शिक्षण सांगितले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८५ च्या बीजिंग नियमांतही हेच आहे : मुलांच्या न्यायाचे काम करणाऱ्यांना व्यावसायिक शिक्षण हवे, आणि कामावर असताना उजळणीही हवी.

आपल्या देशात हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला आहे. पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगांतील मुलांसाठी याचिका केली. मुलांना तुरुंगात ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये बजावले, आणि त्याच वर्षी साऱ्या देशासाठीचा बाल न्याय कायदा संमत झाला. २०१८ मध्ये संपूर्णा बेहुरा यांच्या याचिकेवर त्याच न्यायालयाने रिकाम्या जागा भरा, माणसांना शिकवा, उच्च न्यायालयांनी यावर लक्ष ठेवावे, असे आदेश दिले. २०२२ मध्ये आणखी एक निकाल झाला. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर घोर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याला मोठ्यांसारखे चालवावे काय, हे ठरविण्यासाठी मंडळाला त्याच्या मनाची प्राथमिक पारख करावी लागते. मंडळात बालमानसशास्त्र जाणणारे कोणी नसेल, तर अशा तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. नुसत्या अंदाजाने मुलाचे मन वाचता येत नाही, याची ही कबुलीच होय.

मंडळ आणि समिती यांच्या सदस्यांची मुदत तीन वर्षांहून अधिक नसते. एक तुकडी शिकून तयार होते तो दुसरी येते. म्हणून हे शिक्षण विहिरीसारखे एकदा खणून संपत नाही. पाणपोईसारखे ते रोज भरावे लागते.

काय शिकवावे

आमच्या समजुतीप्रमाणे चार गोष्टी.

पहिली, वय. कायद्याने क्रम ठरवून दिला आहे : आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, यांतील काहीच नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. बापाचा अंदाज आणि मुकादमाची वही या क्रमात कोठेही नाही.

दुसरी, ऐकणे. मूल आपली हकीकत सरळ सांगत नाही. ते आधी खोटे सांगते, मग गप्प बसते, आणि तिसऱ्या दिवशी निघताना दाराशी खरे बोलते. परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल हा पोराच्या बाजूचा एकमेव कागद असतो. तो छापील रकाने भरून होत नाही. बाप उचल किती घेतो, आई वर्षातले किती महिने तळावर असते, पोराची शाळा कोणत्या महिन्यात सुटली, हे ज्याने विचारले त्यालाच चोरीचे कारण सापडते.

तिसरी, गृह चालविणे. अधीक्षक हा कोंडवाड्याचा राखणदार नसतो. स्वयंपाकघर, आजारपण, मोठ्या मुलांकडून लहानांना होणारा जाच, अपुरी माणसे, उशिरा येणारा पैसा, या सर्वांतून मुलाला भीती वाटणार नाही असे घर चालवावयाचे असते. तेथल्या पहारेकऱ्याने मुलाला कोणत्या नावाने हाक मारावी, हेही अधीक्षकानेच ठरवावे लागते.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड : एकमेकांशी बोलणे. न्यायाधीशांची अकादमी उत्तनला, पोलीस अधिकाऱ्यांची नाशिकला, प्रशासकांची पुण्याच्या यशदात. प्रत्येक जण आपापल्या ठिकाणी आपापल्या वर्गाबरोबर शिकतो. पण मूल तर एकच असते. आज जे समितीच्या दाराशी रडत आले, तेच पाच वर्षांनी मंडळाच्या दाराशी मान खाली घालून उभे राहते. आमच्या त्या पोराचे तेच झाले. अमेरिकेत जॉर्जटाऊन विद्यापीठाने यासाठी एक मार्ग काढला आहे. तेथे मुलांचा न्याय पाहणारे आणि मुलांचे कल्याण पाहणारे एकाच गावचे अधिकारी एकत्र शिकावयास येतात, आणि जाताना आपल्या गावात काय बदलणार त्याचा लेखी संकल्प घेऊन जातात. नुसते प्रमाणपत्र भिंतीवर टांगून भागत नाही. काम करून दाखवावे लागते.

असे शिबिर प्रत्येक जिल्ह्यात का होऊ नये? त्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. मंडळ, समिती, पोलीस, अधीक्षक, शाळेचे गुरुजी आणि कामगार संघटना अशी सारी एका सतरंजीवर चार दिवस बसली, आणि एकाच मुलाचा कागद सर्वांनी मिळून पहिल्या नोंदीपासून शेवटपर्यंत वाचला, तर कोणत्या दिवशी कोणी काय विचारावयास हवे होते, ते आपोआप दिसेल. संकल्पही साधा असावा : या जिल्ह्यात एका मुलाचे दोन कागद एकमेकांना अनोळखी राहणार नाहीत.

आपण काय करावे

आपण म्हणाल, आम्ही नगरवासी यात काय करणार? तीन गोष्टी करता येतील. आपल्या जिल्ह्याचे मंडळ आणि समिती यांत कोण बसतात, ते माहीत करून घ्यावे. जागा भरल्या आहेत काय, सदस्यांचे प्रशिक्षण साठ दिवसांत झाले काय, हे लेखी विचारावे. हा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. आणि आपल्यापैकी ज्या शिक्षिका, परिचारिका, कार्यकर्ते वर्षानुवर्षे मुलांत काम करीत आहेत, त्यांनी जाहिरात निघेल तेव्हा अर्ज करावा. चांगली माणसे दूर राहिली की रिकामी जागा कोणी तरी भरतोच.

आमच्या बाजूचे आम्ही सांगतो. तो पोरगा आता बाहेरगावी कामाला असतो. सणाला आला की रस्त्यात भेटतो, नमस्कार करतो, पण थांबत नाही. त्या एकोणीस दिवसांत त्याने काय पाहिले, हे त्याने आम्हांला सांगितलेले नाही, आणि विचारण्याचा अधिकार आम्ही गमावला आहे. इतकेच केले आहे : युनियनची यादी आता मुकादमाच्या वहीवरून होत नाही. प्रत्येक नावापुढे एक नवा रकाना काढला आहे. त्याचे शीर्षक आहे ‘शाळा’. तो रकाना भरताना गेल्या हंगामात तीन मुले अशी निघाली, की त्यांची नावे मजुरांच्या यादीतून काढून हंगामी वसतिगृहाच्या यादीत घालावी लागली. त्यांच्या बापांनी आमच्याशी भांडण केले. ते आम्ही ऐकून घेतले.